उकळणारा दगड

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला तो एक टॅब्लेट, दोन चार्जर आणि एक अख्खं जग बरोबर घेऊन आला. वय वर्षं अकरा. पहिले दोन दिवस मी नेहमीसारखी आजीगिरी केली. डोळे बिघडतील, अंगणात जा, आंबा खा, पुस्तक वाच. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा बंद, टीव्ही बंद, बाहेर नगरचं ऊन रणरणतंय. टॅब्लेट मात्र चालू होता. मग मीच त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "दाखव रे बाबा, काय आहे एवढं त्यात?"

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या लोकांनी तयार केलेला हा खेळ 2011 साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला आणि जगभरच्या पोरांनी डोक्यावर घेतला. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती चौकोनी, झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी! सुरुवातीला हातात काही नसतं. लाकूड तोडायचं, त्याच्या फळ्या करायच्या, फळ्यांच्या काठ्या, मग कुदळ. त्या कुदळीनं दगड फोडायचा, दगडाची कुदळ करायची, तिनं लोखंड खणायचं. असं करत करत हिऱ्यापर्यंत पोचायचं. तीन हिरे आणि दोन काठ्या जोडल्या की हिऱ्याची कुदळ.

मला गंमत वाटली ती त्याच्या पेट्यांची. घरात ओळीनं पेट्या मांडलेल्या. एका पेटीत सत्तावीस खण. एका खणात बहुतेक वस्तू चौसष्ट मावतात, पण काही जादूच्या वस्तू सोळाच, तर काही एका खणात एकच. एक हिरवट मोती, तो फेकला की आपण तो पडेल तिथे जाऊन पोचतो, फक्त थोडं लागतं. सोन्याची एक बाहुली, ती हातात असली तर मरण टळतं, पण एकदाच. समुद्राचं काळीज म्हणून एक निळा गोळा, त्याच्याभोवती आठ शंख मांडले की पाण्याखालीही श्वास पुरतो. नातू एकेका वस्तूवर बोट ठेवायचा आणि वर तिचं नाव उमटायचं. तो ती नावं अशी वाचून दाखवत होता की मला माझ्या आजीचं देवघर आठवलं. तीही अशीच संपुष्टातला एकेक देव काढून नाव सांगायची.

तुम्ही म्हणाल, बाई म्हातारपणी नातवाच्या नादी लागल्या. पण खरं सांगा, आपण तरी वेगळं काय करत होतो? माझ्या लहानपणी माझ्याकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात सागरगोटे, चिंचोके, लाल गुंजा आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे. त्या तुकड्यांनी आम्ही काचापाणी खेळायचो. हिरव्या तुकड्याला एक भाव, मोरपंखीला दुप्पट. गुंजेबद्दल तर केवढा आदर, कारण सोनार गुंजेनं सोनं तोलत! आणि त्या डब्यात कधी ना कधी परीस येऊन पडेल अशी एक आशा. लोखंडाच्या खिळ्याला रस्त्यातला प्रत्येक काळा दगड लावून बघायचे मी.

परिसाची गोष्ट आईकडून ऐकलेली. परिसा भागवताला रुक्मिणीमातेनं परीस दिला. नामदेवांच्या घरी दारिद्र्य, म्हणून त्यांच्या राजाईनं तो मैत्रिणीकडून मागून आणला. नामदेवांना कळल्यावर त्यांनी तो सरळ चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत भांडायला आले, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढले आणि म्हणाले, यातला तुमचा कोणता तो घ्या. बघतात तर सगळेच परीस! लहानपणी या गोष्टीत मला फक्त ओंजळभर परीस दिसायचे. नातवाला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे नामदेवांकडे अनलिमिटेड होते!" वयाचा दोष नाही, मलाही तेच वाटलं होतं.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. मूळ गोष्ट पुढेच आहे.

खणत खणत तो एका गोलसर पोकळीपाशी आला. म्हणाला, "आजी, आता बघ. हे जिओड. बाहेरचा काळा थर म्हणजे स्मूद बेसॉल्ट. आतला पांढरा कॅल्साइट. आणि त्याच्या आत अ‍ॅमेथिस्ट!" काळी भिंत फुटली, पांढरी फुटली आणि आतून जांभळे स्फटिक चमकायला लागले. त्यांना हात लावला की किणकिण वाजत होते.

बेसॉल्ट! हा शब्द त्या पोराच्या तोंडून ऐकला आणि माझ्या छातीत काहीतरी हललं. कारण हा शब्द मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिला होता.

मी बी.ए. मराठीची. 1972 च्या दुष्काळात शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली, मग बी.एड. आणि राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी. मराठीच्या बाई म्हणून लागले, पण खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी, म्हणून भूगोलही गळ्यात पडला. "महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट या अग्निजन्य खडकाने बनलेला आहे." हे वाक्य मी किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत रिकाम्या जागी भरायची, दोन गुण मिळवायची. बेसॉल्ट कसा दिसतो, हे मी कधी दाखवलं नाही. शाळेच्या पायऱ्या त्याच्याच होत्या, तरी नाही.

साल 1983 असावं. नववीचा वर्ग. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील विहिरींच्या कामावर होते. तेव्हा आमच्याकडे विहिरींचं काम जोरात असायचं. मुरूम संपून कातळ लागला की सुरुंग उडवायचे आणि फुटलेला दगड यारीनं वर ओढायचे. शाळा बुडवून हा पोरगाही बापाच्या हाताखाली जायचा. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणाच जास्त.

एके दिवशी भूगोलाच्या तासाला तो उठून पुढे आला आणि माझ्या टेबलावर खाकी दप्तर उपडं केलं. आत फडक्यात गुंडाळलेले दगड. एक हिरवट, काचेसारखा, चौकोनी कांड्यांना टोकं असलेला. काही फिकट गुलाबी, ज्वारीची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसे, दोन्ही अंगांना फुललेले. मला म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलेल्या काळ्या दगडाच्या पोटात हे असतं."

आणि मग तो आणखी म्हणाला, "हा गुलाबी हाय ना, हा भट्टीत टाकला की उकळतो."

बापाच्या पहारींना धार लावायला तो लोहाराकडे जात असे. तिथे भात्यापुढे त्यानं एक तुकडा टाकून पाहिला होता. दगड फुगला, फसफसला, पांढरा पडला, असं तो हातवारे करून सांगत होता. वर्ग हसायला लागला. आणि मी, त्यांची बाई, वर्गाला गप्प करायचं सोडून म्हणाले, "दगड कधी उकळतो का रे? शाळा बुडवायची ती बुडवायची आणि वर थापा! त्या गारगोट्या उचल आणि बाहेर टाकून ये."

त्यानं टाकल्या. शाळेमागच्या ओढ्यात टाकल्या, मी खिडकीतून बघत होते. फडकं मात्र घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव "गारगोट्या" पडलं. मी कधी कोणाला अडवलं नाही. सहामाहीनंतर तो शाळेत यायचाच बंद झाला. तेव्हा असे बरेच यायचे बंद होत. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढे 2009 ला मी निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल निघाली, संगमनेरमार्गे सिन्नर. गोंदेश्वराचं देऊळ बघायचं आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय बघायचं. के. सी. पांडे यांनी उभं केलेलं हे संग्रहालय दगडांचंच आहे, आणि ते बघायला लोक लांबून लांबून येतात. बरोबरच्या बायका म्हणाल्या, दगड काय बघायचे तिकीट काढून? पण आत गेल्यावर सगळ्या गप्प झाल्या. काळ्या पार्श्वभूमीवर दिवे सोडलेले आणि काचेआड एकेक रत्न. एका काचेपाशी मी थबकले. गुलाबी पेंढी. मधोमध आवळलेली, दोन्ही अंगांना फुललेली. नाव स्टिलबाइट. शेजारी हिरवा, कांड्यांचा, त्याचं नाव अ‍ॅपोफिलाइट.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मैत्रिणींना वाटलं साखर कमी झाली.

घरी आल्यावर मिळेल ते वाचत सुटले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातले क्षार सावकाश स्फटिक होऊन भिंतींना धरले. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा असे नमुने निघाले आणि विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. आमच्या राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं नाव तर आता जगभरच्या दगड गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे, तिथल्या विहिरींत निघालेल्या हिरव्या अ‍ॅपोफिलाइटसाठी. तो हिरवा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या अंशामुळे येतो. राहुरीच्या पोरांना हे नाव माहीत नाही. त्यांच्या बाईंनाही नव्हतं.

आणि मग ती ओळ वाचली. स्टिलबाइट ज्या खनिजांच्या कुळातला आहे, त्या कुळाला झिओलाइट म्हणतात. 1756 साली क्रॉनस्टेट नावाच्या एका स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. त्यानं असाच एक दगड ज्योतीत धरला, तर तो फुगला आणि फसफसला. दगडाच्या अंगातलं पाणी वाफ होऊन निघत होतं. म्हणून त्यानं ग्रीक भाषेतून नाव घेतलं. त्याचा अर्थ, उकळणारा दगड.

उकळणारा दगड! दोन शतकांपूर्वी स्वीडनच्या शास्त्रज्ञानं जे पाहिलं, तेच आमच्या नववीतल्या पोरानं लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तक नाही, प्रयोगशाळा नाही. आणि ते तो सगळ्यात आधी कोणाला सांगायला आला, तर मला.

हे सगळं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी, वीज गेलेली असताना, नातवाला सांगितलं. तो खेळ थांबवून ऐकत होता. झिओलाइटचा उपयोग काय, असं त्यानं लगेच विचारलं. त्याच्या जगात वस्तू मिळाली की पहिला प्रश्न हाच असतो, यापासून काय बनतं? मी सांगितलं की कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत असतात, जड पाणी मऊ करायला लागतात, खनिज तेल शुद्ध करायला लागतात. आणि विहिरीतून निघालेले नैसर्गिक स्फटिक शोभेला जातात. काही लोक ते उशाशी ठेवतात, ध्यानाला घेऊन बसतात, त्यातून ऊर्जा मिळते म्हणतात. तो म्हणाला, "खरंच मिळते?" मी म्हटलं, नाही रे. माणसाचा आजार बरा करायची ताकद त्या दगडात नाही. पण तो उकळतो, ही काय कमी जादू आहे?

मग त्यानं मला दोन गोष्टी दाखवल्या. त्याच्या जांभळ्या गुहेत काही ठोकळे असे आहेत की त्यांच्यावरच स्फटिकांचे कोंब फुटतात आणि चार टप्प्यांत मोठे होतात. ते स्फटिक तोडून घेता येतात. एक स्फटिक आणि तांब्याच्या दोन विटा जोडल्या की दुर्बीण होते. पण तो मूळ ठोकळा मात्र उचलून नेता येत नाही. कुदळ कितीही भारी असो, फोडला की तो नाहीसा होतो आणि हातात काहीच येत नाही. "नव्या मुलांना माहीत नसतं ना, ते पहिल्यांदा तोच फोडतात," तो म्हणाला. मी नुसती मान हलवली.

दुसरी गोष्ट नावाच्या पट्टीची. त्या खेळातले रानटी प्राणी आणि भुतं आपण लांब गेलो की नाहीशी होतात. पण एखाद्याला नावाची पट्टी लावली, की तो तसा नाहीसा होत नाही. नातवानं एका झॉम्बीला पकडून कोंडून ठेवलंय आणि त्याचं नाव ठेवलंय "गणित सर". मी शिक्षिका असूनही हसले, काय करणार!

हसता हसता त्यानं सहज विचारलं, "आजी, त्या मुलाचं नाव काय होतं?"

मला आठवेना.

चेहरा आठवतो. खाकी दप्तर आठवतं, फडक्याची घडी आठवते. ज्वारीच्या पेंढीसारखा तो दगड तर डोळ्यांपुढे आहे. पण नाव? "गारगोट्या" एवढंच आठवत होतं, आणि ते त्याचं नाव नव्हतं. ते माझ्यामुळे पडलेलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याच जिल्ह्यातलं दायमाबाद आठवलं. प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. 1974 साली तिथे झाडाचं मूळ खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. हजारो वर्षांपूर्वीची ती कारागिरी जगात गाजली. पण मला त्यातली चांगली वाटणारी गोष्ट ही, की ज्याच्या कुदळीला ते लागले त्याचं नाव पुस्तकांत राहिलं आहे. छबू लक्ष्मण भिल्ल. आणि राहुरीच्या विहिरींतले स्फटिक जगभर गेले, त्यांच्या चिठ्ठ्यांवर दगडाचं नाव असतं, गावाचं असतं. कातळात उतरलेल्या माणसाचं नसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना मी कोणत्या तोंडानं बोलू? मी तर त्याची वर्गशिक्षिका होते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी एसटीनं गेले. शाळेला नवी इमारत झाली आहे, ओढ्यावर स्लॅब पडला आहे. लिपिक मुलगा भला. कपाटावरून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. पिवळी पडलेली पानं. मी एकेका नावावर बोट ठेवत गेले, नातू ठेवतो तशीच. पालकाचा व्यवसाय, मजुरी. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर. असे त्या वर्षी एकूण तिघे निघाले. दोन नावांना चेहरे लगेच आठवले. तिसऱ्या नावापाशी बोट थांबलं.

तेच.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याला न विचारता चारचौघांत त्याचं नाव एकदा घालवून झालं आहे, पुन्हा नको. नातवाला मात्र फोन करून सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं, र्‍हस्व की दीर्घ. संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. जांभळ्या गुहेच्या तोंडाशी लाकडी पाटी लावलेली, तिच्यावर ते नाव, शुद्ध मराठीत.

रजिस्टरमध्ये वाडीचंही नाव आहे. चौकशी केली तर कळलं की घर अजून तिथेच आहे. माणूस असेल तर आता सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा असेल. पाऊस उघडला की जाणार आहे. सिन्नरहून आणलेली एक छोटी गुलाबी पेंढी माझ्या कपाटात आहे, ती बरोबर नेईन. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. एवढंच म्हणेन, की बाळ, दगड उकळतो. तू म्हणालास ते बरोबर होतं.